ओढण्याचे बळ आणि आवरण्याचे बळ

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते आणि तेथून पुढे चार-पाच महिने ऊसपट्ट्यातील रस्त्यांचे रूप पालटून जाते. फडातून निघालेले, पाठीशी एकेक नव्हे तर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याच्या दिशेने सरकत असतात. ट्रॉलीच्या कडेच्या खुंटांवरही हातभर उंच रचलेला ऊस आणि कधी कधी त्या उसावर बसलेले तोडणी मजुरांचे कुटुंब, हे दृश्य आता इतके परिचयाचे झाले आहे की त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे कुणाला वाटत नाही.

हा ट्रॅक्टर किती ओढतो, असा प्रश्न ट्रॅक्टर घेण्यापूर्वी प्रत्येक शेतकरी विचारतो. विक्रेता त्याचे उत्तर देतो, शेजारी त्यात आपला अनुभव मिळवितो आणि चालक त्यावर आणखी दोन टन चढवितो. परंतु हा ट्रॅक्टर किती आवरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक ओढण्याची मर्यादा आणि आवरण्याची मर्यादा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. यांतील दुसरी मर्यादा पहिलीच्या पुष्कळ अलीकडे संपते. ती कोठे संपते याचा हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीने मांडता येतो व तो मांडून दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला त्या काळी ऊस बैलगाडीने येत असे आणि आजही काही भागांत तो तसा येतो. बैलगाडीच्या वाहतुकीत भाराची मर्यादा ठरविण्याचे काम बैल स्वतः करीत असे. भार जास्त झाला की चढावर बैल गुडघे टेकी, उतारावर मागे रेटून अंग टाकी. गाडीवानाला ते डोळ्यांनी दिसे. यंत्र अशी तक्रार करीत नाही. इंजिनाचा आवाज थोडा बदलतो एवढेच, आणि त्या आवाजाची सवय होण्यास एक हंगाम पुरतो.

अश्वशक्ती म्हणजे काय, आणि काय नव्हे

एक उदाहरण घेऊ. पन्नास अश्वशक्तीच्या वर्गातील एक ट्रॅक्टर. चालकासह वजन २,२०० किलो. त्यांपैकी मागच्या चाकांवर १,४०० किलो आणि पुढच्या चाकांवर ८०० किलो. त्याला चार चाकांच्या दोन ट्रॉल्या जोडल्या आहेत. प्रत्येक रिकामी ट्रॉली १,९०० किलोची आणि तिच्यात ५ टन ऊस. सगळी बेरीज १६ टन होते. ही बेरीज मुद्दाम बेताची धरली आहे. फडातून निघणाऱ्या कित्येक जोड्या याहून जड असतात, हे वजनकाट्यावर उभे राहणाऱ्या कुणासही ठाऊक आहे.

चांगल्या डांबरी, सपाट रस्त्यावर चाके फिरविण्यास एकूण वजनाच्या साधारण दोन टक्के इतकी ओढ लागते. म्हणजे १६ टनांसाठी ३२० किलोंची ओढ झाली. (सोयीसाठी येथे बळ किलोच्या भारात मोजले आहे.) एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याचे काम म्हणजे एक अश्वशक्ती. ताशी २० किलोमीटर वेगाने ३२० किलोंची ओढ लावण्यास या हिशेबाने सुमारे २४ अश्वशक्ती पुरतात. इंजिन पन्नासचे आहे! चालक निर्धास्त बसलेला असतो, आणि सपाट रस्त्यापुरते त्याचे बरोबरही असते.

आता वीसात एक असा चढ लागला, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर रस्ता एक मीटर उंच झाला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी नेहमीचा म्हणून हाच चढ धरलेला आहे. अशा चढावर एकूण वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे ८०० किलो, मागे खेचू लागतो. पूर्वीचे ३२० धरून लागणारी ओढ ११२० किलो झाली. ताशी १० किलोमीटर वेग ठेवावयाचा तर यास सुमारे ४१ अश्वशक्ती लागतील, आणि वेग पाचावर आणला तर त्याच्या निम्म्या. खालचा गिअर टाकून लहान ट्रॅक्टरही हा भार वर नेईल.

येथेच पुष्कळांची फसगत होते. अश्वशक्तीचा आकडा किती भार ओढता येईल हे सांगत नाही. दिलेला भार किती वेगाने ओढता येईल हे सांगतो. गिअर पुरेसा खालचा असेल तर इंजिन जवळजवळ कशालाही नाही म्हणत नाही. ‘ओढतोय ना, मग चालू दे’ हे चालकाचे वाक्य म्हणूनच फारसे काही सिद्ध करीत नाही.

पकड कोठे संपते

इंजिनाचे बळ अखेर जमिनीवर उतरते ते मागच्या दोन टायरांतून. टायर जितक्या भाराने जमिनीवर दाबला जातो, त्याच्या एका ठराविक हिश्शापेक्षा अधिक ओढ तो लावू शकत नाही. कोरड्या डांबरावर हा हिस्सा साधारण दहापैकी सात धरता येतो, ओल्या व चिखलाने माखलेल्या रस्त्यावर दहापैकी चार. आपल्या उदाहरणात मागच्या चाकांवर १,४०० किलो आहेत. म्हणजे कोरड्या रस्त्यावर मूळ पकड ९८० किलोंची. चढाला तर ११२० हवेत.

मग गाडी चढते कशी? ओढ लागली की ट्रॅक्टरचे नाक किंचित वर उचलू पाहते आणि पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो. हुक जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर दोन मीटर असेल, तर हुकावरील हजार किलोंच्या ओढीने सुमारे २५० किलो पुढून मागे जातात. पकड वाढते आणि गाडी जेमतेम चढते. पण ही उसनवारी आहे. पुढच्या चाकांवर ८०० ऐवजी ५५० किलो उरले, आणि सुकाणूचे काम त्याच चाकांचे. जास्त जोर मिळावा म्हणून काही जण ट्रॉलीचा हुक वरच्या जागी, टॉपलिंकजवळ अडकवितात. हुक ९० सेंटीमीटरवर गेला की त्याच ओढीने ४५० किलो पुढून निघून जातात. त्यात चढावर थांबलेली गाडी झटक्याने क्लच सोडून उचलली की पुढची चाके हवेत येतात. ट्रॅक्टर मागे उलटण्यास त्यानंतर फार वेळ लागत नाही. चालकाला क्लच पुन्हा दाबण्याचीही उसंत मिळत नाही. पुढच्या बंपरवर वजने टांगणे, दगड बांधणे, प्रसंगी दोन माणसे बसविणे, हे सारे उपाय या एकाच दुखण्यावरचे आहेत. कारखान्याने दिलेली वजने नेमून दिलेल्या जागी लावणे योग्य. बंपरवर माणसे बसविणे मात्र कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

फडातील मऊ जमिनीची गोष्ट आणखी वेगळी. तेथे चाक रुतते व नुसते फिरविण्यासच वजनाच्या दहा टक्के किंवा त्याहूनही अधिक ओढ लागते. १६ टनांना १,६०० किलो. एका ट्रॅक्टरच्या आवाक्याबाहेरचे हे काम असल्यामुळे पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडून भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर आणण्याची पद्धत सर्वत्र आहे. तीत गैर काही नाही. परंतु जो भार बाहेर काढण्यास दोन ट्रॅक्टर लागले, तो रस्त्यावर येताच एकाच्या हवाली केला जातो, आणि पुढे उतार कोठे आहे याची चौकशी त्या वेळी कुणी करीत नाही.

बैलाच्या मानेवरचा भार आणि ‘पाचवे चाक’

दोन चाकांच्या ट्रॉलीत एक जादा गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिच्या पुढच्या टोकाचा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. बैलगाडी हाकलेल्यांना हे शिकवावयास नको. माल पुढे जास्त भरला तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त भरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलू लागते आणि गाडी हेलकावे खाते. जाणता गाडीवान थोडा भार मानेवर राहील अशा बेताने गाडी भरतो. ट्रॉलीचा न्यायही हाच. हुकावर मुळीच भार नसेल तर ट्रॉली रस्त्यावर शेपटासारखी डावी-उजवी हलू लागते. भार फाजील असेल तर तो मागच्या आसाच्याही मागे पडत असल्याने तरफेसारखा पुढची चाके उचलतो. दोन चाकांच्या दोन ट्रॉल्या एकापाठोपाठ जोडल्या, की दुसरीच्या टोकाचा भार पहिलीच्या शेपटावर बसतो आणि पहिली उलाळ होते. अशी जोडणी टाळलेलीच बरी.

हुकाची जागा आसाच्या मागे आहे हाच या अडचणीचा उगम. ती जागा आसाच्या वर नेली तर? मोठ्या मालमोटारींच्या बाबतीत नेमके हेच केले गेले. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहाराने १९१४ साली एका लाकूड व्यापाऱ्याची होडी वाहून नेण्यासाठी फोर्ड मोटारीमागे जोडावयाची गाडी तयार केली. ज्या गाडीचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनावरच विसावतो अशा ‘सेमी-ट्रेलर’च्या इतिहासात हे काम आरंभीचे मानले जाते. अशा गाडीच्या पोटाखालची खिळ, म्हणजे किंगपिन, ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या आसाच्या वर बसविलेल्या वंगण लावलेल्या गोल तबकडीत अडकते. या तबकडीला ‘फिफ्थ व्हील’ किंवा पाचवे चाक म्हणतात. घोड्यांच्या चारचाकी गाडीत पुढचा आस वळावा म्हणून एक आडवे चक्र बसवीत, त्याचे नाव या तबकडीला मिळाले. न्हावा-शेवा येथील १९८९ साली सुरू झालेल्या बंदरातून कंटेनर घेऊन निघणारे ट्रेलर याच पद्धतीचे. त्यांच्या पुढच्या भागास वाहतूकदार ‘घोडा’ म्हणतात, ही योगायोगाची गंमत.

पाचव्या चाकाने भार आसाच्या वर आल्यामुळे पुढची चाके उचलत नाहीत, पकड वाढते आणि गाडी हेलकावत नाही. परंतु त्यामुळे भाराचा प्रश्न सुटला असे मात्र नव्हे. तो दुसऱ्या जागी गेला. अमेरिकेत हौशी प्रवासी पिकअप मोटारीच्या उघड्या हौद्यात पाचवे चाक बसवून मागे चाकांवरचे घर ओढीत नेतात. अशा घराच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग किंगपिनमधून थेट पिकअपवर येतो. सहा टनांचे घर असेल आणि वीस टक्के धरले तर १,२०० किलो. त्यात जोडणीच्या सांगाड्याचे ८० आणि चार माणसांचे ३०० किलो मिळविले की १,५८० झाले. जाहिरातीत सात टन ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत छापलेली असते. परंतु चालकाच्या दारापाशी चिकटविलेल्या पट्टीवर, माणसे व सामान मिळून या वाहनाने अंगावर किती भार घ्यावा, याचा आकडा १,५०० किलो असेल, तर ते वाहन सात काय, सहा टनांचे घरदेखील नेण्यास पात्र नाही. ओढण्याची मर्यादा शिल्लक आहे, अंगावर घेण्याची संपली. आपल्या ट्रॅक्टरची तऱ्हा याहून वेगळी दिसली तरी तत्त्व तेच आहे. फक्त येथे आधी संपते ती आवरण्याची मर्यादा.

उतार

ट्रॅक्टरचे ब्रेक सामान्यतः मागच्या दोन चाकांनाच असतात. ट्रॉलीला ब्रेक असला तर उत्तमच. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य ट्रॉल्यांना तो एक तर नसतो, किंवा त्याची दोरी-कांडी तुटून हंगाम लोटलेले असतात. तेव्हा १६ टनांची वरात थांबविण्याचे सगळे काम मागच्या दोन टायरांच्या पकडीवर येते. ब्रेक कितीही ताकदीचे असोत, ९८० किलोंच्या पुढे ते जाऊ शकत नाहीत. त्यानंतर चाक अडते आणि टायर घसरतो.

ताशी २० किलोमीटर हा वेग कुणाला भीतिदायक वाटणार नाही. या वेगात नुसता ट्रॅक्टर कोरड्या, सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साडेतीन-चार मीटरांत थांबतो. एक ट्रॉली जोडून एकूण वजन ८ टन झाले की हे अंतर ११ मीटरांवर जाते. दोन ट्रॉल्यांनी १६ टन झाले की १९ मीटरांवर.

हे झाले सपाटीवर. वीसात एक उतार लागला की तेच ८०० किलो, जे चढावर मागे खेचीत होते, आता पुढे ढकलू लागतात. आठ टनांची गाडी १७ मीटरांत थांबेल. सोळा टनांची ५० मीटरांत. भार दुप्पट झाला आणि अंतर जवळजवळ तिप्पट. रस्ता ओला असेल, किंवा सांडलेल्या उसाचा चोथा व चिखल त्यावर पसरला असेल, तर पकड ५६० किलोंवर येते. तेव्हा आठ टनांची गाडी ३९ मीटर घेते. सोळा टनांच्या गाडीचे उत्तर येते ३१५ मीटर! व्यवहारात याचा अर्थ ती थांबत नाही असाच करावयास हवा. आणि उतार पंधरात एक असेल, तर पुढे ढकलणारे बळ (१,०६७ किलो) हे रोखणाऱ्या सगळ्या बळांच्या बेरजेहून (८८० किलो) अधिक होते. ब्रेक पूर्ण दाबलेले असताना, चाके अडलेली असताना गाडीचा वेग वाढत जातो.

हे आकडे आदर्श परिस्थितीतील आहेत. त्यांत चालकाच्या पायास ब्रेकपर्यंत पोचण्यास लागणारा एक सेकंद (तेवढ्यात साडेपाच मीटर जातात), झिजलेले टायर आणि लांब उतारावर तापून ढिले पडलेले ब्रेक धरलेले नाहीत. दोन चाकांच्या ट्रॉलीत हुकावरच्या भाराने मागची पकड थोडी वाढते हे खरे. पण ट्रॉलीचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्या मानाने ती वाढ अपुरीच असते.

याहून वाईट एक प्रकार वळणावर घडतो. मागून रेटणारी ट्रॉली सरळ रेषेत जाऊ पाहते आणि ट्रॅक्टर वळत असतो. घसरणाऱ्या मागच्या चाकांना ती बाजूला ढकलते, ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. अपघातानंतर ‘चालकाचा ताबा सुटला’ असे लिहिले जाते. ताबा घेता येईल एवढी पकड त्या चाकांत फड सोडतानाच नव्हती, असे लिहिण्याची सोय नमुन्यात नाही.

रेल्वेला हा धडा फार पूर्वी घ्यावा लागला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा चढ ३७ मीटरांस एक मीटर, म्हणजे आपल्या उदाहरणातील रस्त्याहून सौम्य. तरीदेखील कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने लावतात, आणि उतारावर सुटलेली गाडी वळवून चढावर नेऊन थांबविता यावी म्हणून खास आडमार्ग बांधलेले आहेत. आगगाडीचा ब्रेक केवळ इंजिनाला नसतो. तो डब्याडब्याच्या चाकांना असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लोहमार्गावर जी गोष्ट रूढ झाली, ती आपल्या ट्रॉलीपर्यंत अद्याप पुरती पोचलेली नाही.

ट्रॉलीला ब्रेक असता तर काय झाले असते, हेही त्याच गणिताने पाहता येते. प्रत्येक चाकाने आपल्यावरच्या भाराच्या केवळ तीस टक्के इतके रोखण्याचे बळ दिले, तरी वीसात एक उतारावर, ताशी २० किलोमीटर वेगातील गाडी सहा मीटरांच्या आसपास थांबेल. मग ती आठ टनांची असो वा सोळा. भार वाढतो तशी त्या भाराखालच्या चाकांची पकडही वाढते, म्हणून हे घडते. ट्रॉलीचा ब्रेक हा जादा खर्च समजणाऱ्यांनी ५० मीटर आणि ६ मीटर हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

काय करता येईल

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या व उजव्या चाकाचे वेगळे. शेतात आखूड वळण घेण्यास ते उपयोगी पडतात. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पॅडल खिट्टीने एकत्र जोडलीच पाहिजेत. एकटे पॅडल दाबले गेले की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि मागचा भार त्याला उलथवितो. उतार सुरू होण्यापूर्वीच, माथ्यावर, खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा ठोकताळा आहे आणि तो शास्त्राला धरून आहे, कारण तापलेल्या ब्रेकऐवजी इंजिन गाडी धरून ठेवते. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे हे आत्मघातकी आहे. तसेच उताराच्या मध्यावर गिअर बदलण्याचा प्रयत्न करू नये. क्लच दाबताच इंजिनाची पकड सुटते, वेग वाढतो आणि पुढचा गिअर पडत नाही.

ट्रॅक्टर निवडताना नुसता अश्वशक्तीचा आकडा पाहू नये. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. चाचणी अहवालात ट्रॅक्टरचे वजन, पुढील व मागील आसांवरील त्याची विभागणी, वजने लावून व न लावता मिळालेली प्रत्यक्ष ओढ आणि ब्रेकची चाचणी यांची नोंद असते. विक्रेत्याकडे या अहवालाची मागणी करावी. तो अहवाल रंगीत माहितीपत्रकाइतका देखणा नसतो, पण वाचण्यासारखा असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगावयाची तर, मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये नोंदणी पुस्तकात नमूद केलेल्या एकूण वजनापेक्षा, म्हणजे बोलीभाषेत ‘पासिंग’पेक्षा, अधिक भार नेता येत नाही. या कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि जादा असलेल्या प्रत्येक टनामागे आणखी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्च वेगळा. परंतु दंडाच्या भीतीने हा प्रश्न सुटेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तोडणीचे आणि वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावर फिटते. खेप तीच, डिझेल जवळजवळ तेच, मग दोन टन जास्त का नेऊ नयेत, हा हिशेब वाहतूकदाराच्या दृष्टीने चुकीचा नाही. त्यात न धरलेली किंमत असते ती चालकाची, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराची आणि मोळ्यांवर बसलेल्या बायकामुलांची.

एका बाबतीत मात्र ऊस वाहतूक इतर सर्व शेतमालाच्या वाहतुकीपेक्षा भाग्यवान आहे. येथे प्रत्येक खेपेचे वजन होते. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी गाडी पुन्हा चढते, आणि दोन्ही आकडे वाहनाच्या क्रमांकासह पावतीवर येतात. त्याच पावतीत नोंदणी पुस्तकातील मान्य वजनाचा एक रकाना वाढविला, तर कोणती गाडी किती जादा भार घेऊन येते हे रोजच्या रोज कारखान्यासमोर राहील. हंगामापूर्वी वाहतुकीचे करार होतात तेव्हा ट्रॉलीचा चालू स्थितीतील ब्रेक आणि मागचे परावर्तक यांची अट घालणेही कारखान्यांच्या हाती आहे.

शेतकऱ्यास स्वतःलाही काट्याचा उपयोग करून घेता येईल. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा, गर्दी नसताना, काटेवाल्यास सांगून चार वजने घ्यावीत. पहिले, नुसत्या ट्रॅक्टरचे. दुसरे, ट्रॅक्टरची फक्त मागची चाके काट्यावर ठेवून. तिसरे, भरलेली ट्रॉली जोडलेली असताना ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाके काट्याबाहेर. चौथे, तशाच जोडलेल्या स्थितीत पुन्हा फक्त मागची चाके. समजा, ही वजने अनुक्रमे २,२००, १,४००, २,७५० आणि २,१७० किलो आली. तिसऱ्यातून पहिले वजा केले की ५५० किलो उरतात. तो हुकावरचा, म्हणजे बैलाच्या मानेवरचा भार. तिसऱ्यातून चौथे वजा केले की ५८० उरतात. ते पुढच्या चाकांवरचे वजन. ट्रॉली जोडण्यापूर्वी तेथे ८०० होते. गाडी उभी असतानाच २२० किलो गेले, अजून चढ लागावयाचा आहे. मग पुढे वजने लावावयाची, की ट्रॉलीतील ऊस थोडा मागे रचावयाचा, की भारच कमी करावयाचा, याचा निर्णय अंदाजावर सोडण्याची गरज राहत नाही. ट्रॉली चार चाकांची असेल तर हुकावरचा भार नगण्य येईल. तेव्हा सर्व बेरजेला मागच्या चाकांवरील वजनाने भागून पाहावे. आपल्या उदाहरणात हा भागाकार साडेअकराच्या जवळ येतो, आठ टनांच्या गाडीत पावणेसहाच्या. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर हा दुसरा आकडादेखील घाटरस्त्याला जास्तच समजावा.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडतो आणि याच ट्रॉल्यांतून टोळ्या आपापल्या गावी परततात. संसाराची भांडी, कोंबड्या-शेरडे, चार-दोन मोळ्या वाढे आणि त्यांवर पंधरा-वीस माणसे. काट्यावर चढविली तर ही खेप सगळ्या हंगामातली सर्वांत हलकी भरेल. ट्रॉलीच्या हुकाची खिळ मात्र तोवर हजारो टन ओढून झिजलेली असते, आणि प्रवास बहुधा रात्रीचा असतो. खिळ बदलून, तिला खालून चाप लावून आणि ट्रॉलीचा सांगाडा ट्रॅक्टरला साखळदंडाने वेगळा जोडून मगच ही गाडी गावाकडे न्यावी.